आईच्या नावाचं कुलूप

दहावीचा निकाल इंटरनेटवर पाहताना बैठक क्रमांकाबरोबर आईचं नावही का टाकावं लागतं, ठाऊक आहे? कुणीही उठून तुमचे गुण पाहू नयेत म्हणून! पण आपल्या कर्जतला शेजारच्या पोराच्या आईचं नाव कुणाला माहीत नसतं? आमच्या आळीतल्या एका काकांनी असाच एकाचा निकाल काढला. पोरगं गणितात नापास! त्याने आईला सांगायच्या आधीच दारात माणसं जमली. बिचारा दोन दिवस जेवला नाही.

अमेरिकेत १९७४ पासून कायदाच आहे. मूल कॉलेजात गेलं, की त्याचे गुण पाहायला एरवी आईबाबांनाही त्याची परवानगी लागते. पालकहो, दचकलात ना?

काकांना क्रमांक कुठून मिळाला? त्या पोरानेच हॉलतिकिटाचा फोटो मित्रांना पाठवला होता. क्रमांकही त्यावर, आईचं नावही त्यावरच!