जुन्या रस्त्यानं केप कॉडला

जून उजाडला की आपल्या मराठी घरांत दोन गोष्टी हमखास येतात. परसात झुकिनी आणि भारतातून पाहुणे. नायगारा झाला, न्यूयॉर्क-वॉशिंग्टन झालं, की "आता ह्यांना कुठे न्यायचं?" हा प्रश्न दर उन्हाळ्यात पडतोच. बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या, किंवा तिथे कुणाकडे उतरणाऱ्या वाचकांना आमचं सुचवणं असं, की पाहुण्यांना गाडीत घाला आणि केप कॉडला न्या. मात्र हायवेनं नव्हे, जुन्या रस्त्यानं.

केप कॉड म्हणजे मॅसॅच्युसेट्सनं समुद्रात काढलेला, कोपरात वाकवलेला हात. १९१४ साली खांद्यापाशी कालवा खणला गेला, तेव्हापासून ते जवळजवळ बेटच झालं आहे. गाडीनं आत जायला सॅगमोर आणि बोर्न असे दोनच पूल, दोन्ही १९३५ सालचे. जुलैतल्या शनिवारी ह्या पुलांवर गणपतीच्या आदल्या दिवशीचा मुंबई-गोवा रस्ता आठवतो. पूल उतरल्यावर सगळं जग रूट ६ ला लागतं. आपण ६-ए धरायचा. हाच जुना 'किंग्ज हायवे'. खाडीच्या बाजूनं, दगडी गडग्यांच्या आणि म्हाताऱ्या झाडांच्या मधून हा दोन पदरी रस्ता तीस-पस्तीस मैल एकेका गावातून रमतगमत जातो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं, कॉलेजातली लेक आणि गुहागरहून आलेल्या आत्या असे निघालो. आत्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. "समुद्र बघायला गुहागरच्या माणसानं अमेरिकेत कशाला यायला हवं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर आमच्याकडे नव्हतं, म्हणून थालीपिठांचा डबा उघडला.

पहिलं गाव सँडविच. खायच्या सँडविचशी ह्याचा संबंध नाही, इंग्लंडातल्या केंट परगण्यातल्या गावावरून नाव पडलं. केपवरचं हे सर्वांत जुनं गाव, १६३७ सालचं, म्हणजे शिवाजी महाराज सात वर्षांचे होते तेव्हाचं. तळ्याकाठी पाण्यावर चालणारी डेक्स्टर चक्की आहे. तिथलं मक्याचं पीठ आत्यांनी चिमटीत घेऊन पाहिलं. "भाकरीला जरा रवाळ आहे," असा निकाल दिला आणि एक पिशवी घ्यायला लावली. ह्या गावात १८२५ ते १८८८ काचेचा मोठा कारखाना होता. आम्हांला वाटायचं, किनाऱ्याच्या वाळूमुळे असेल. पण इथली वाळू त्या कामाची नव्हती. भट्टीसाठी जळण मुबलक आणि माल बोटीनं बॉस्टनला न्यायची सोय, म्हणून कारखाना इथे आला. त्याचं संग्रहालय बघण्यासारखं आहे.

पुढे बार्नस्टेबल आणि यार्मथ पोर्ट. खरा रस्ता इथे सुरू होतो. खाऱ्या वाऱ्यानं करड्या पडलेल्या लाकडी खवल्यांच्या भिंती, पांढऱ्या चौकटी, दारावर बांधल्याचं साल. बार्नस्टेबलचं वाचनालय ज्या घरात आहे ते १६४४ सालचं! आत्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एवढी जुनी घरं, आणि पडझड झालेलं एक दिसत नाही ते कसं रे?"

ह्याचं कारण एक कायदा. १९७३ साली सँडविचपासून ऑर्लिन्सपर्यंतच्या सहा गावांसाठी हा कायदा झाला. घराच्या आतमध्ये काय वाट्टेल ते करा, पण रस्त्यावरून दिसणारी खिडकी, कुंपण, पाटी, अगदी रंगसुद्धा बदलायचा तर गावच्या समितीची परवानगी लागते. आत्यांना हे फार पटलं. आम्हांला थोडं जाचक वाटलं. आपल्या पैशानं आपल्या घराला रंग द्यायचा तर पाच जणांपुढे उभं राहायचं?

आता आतली गोष्ट सांगायला हरकत नाही. आत्यांच्या बॅगेत एक कागद होता. गुहागरच्या घराचा. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे विहीर. सातबाऱ्यावर आठ नावं, त्यांतली दोन इथे अमेरिकेत. एका चुलतभावानं गिऱ्हाईक आणलं होतं, घर पाडून तिथे राहण्या-जेवणाची सोय बांधणार होतं. सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. वाचकांपैकी कितीजणांच्या टेबलाच्या खणात असा कागद पडला असेल, आम्हांला कल्पना आहे.

डेनिस गावी जेवायला थांबलो तेव्हा मिठाचा विषय निघाला. स्वातंत्र्ययुद्धात बाहेरचं मीठ बंद झालं आणि कॉड मासा खारवायला मीठ तर हवंच. तेव्हा १७७६ साली जॉन सीअर्स ह्या डेनिसच्याच माणसानं समुद्राचं पाणी लाकडी हौदांत उन्हानं आटवायचा उद्योग मांडला. पुढे हौदांवर सरकती छपरं आली, पाऊस आला की ओढायची. आपली मिठागरं पावसाळ्यात सरळ बंदच होतात, त्यामुळे आत्यांना ह्या छपरांचं भारी कौतुक. क्रॅनबेरीची लागवडही ह्याच गावची. वाऱ्यानं वाळू येऊन पडली की वेल जोमानं धरतो, हे १८१६ च्या सुमारास हेन्री हॉलच्या लक्षात आलं. नाटकवेड्या मंडळींसाठी सांगतो, १९२७ पासूनचं केप प्लेहाऊसही इथेच.

ब्रूस्टर हे जहाजांच्या कप्तानांचं गाव. ओहोटीला इथे पाणी मैलभर मागे सरतं आणि चक्क समुद्राच्या तळावरून चालता येतं. आत्यांनी चपला हातात घेतल्या. चालता चालता लेकीनं सांगितलं, की तिच्या मैत्रिणीचे आईवडील केपवरच शिकवतात, पण त्यांना इथे घर परवडत नाही. ट्रुरो, वेलफ्लीट ह्या गावांत तर निम्म्याहून जास्त घरं फक्त उन्हाळ्यापुरती उघडतात. बाकी वर्षभर कुलूप.

"म्हणजे आमच्या आळीसारखंच," आत्या म्हणाल्या. "गणपतीत दिवे लागतात, मग काळोख. कायद्यानं भिंत राहते हो, चूल कोण पेटवणार?"

आम्ही कागदाचं विचारलं. "सही आत्ता नको. आधी यंदा कौलं परतून घ्या. घर गळायला लागलं की माणसं विकायचं म्हणतात." ह्या एप्रिलमध्ये आम्ही कौलांचे पैसे पाठवले. चुलतभाऊ नाराज आहे, आणि त्याची बाजूही खोटी नाही. विहिरीपासून वीजबिलापर्यंत सगळं तोच बघतो.

असो. वेलफ्लीटला कालवं प्रसिद्ध आहेत, खाणाऱ्यांनी जरूर खावीत. ट्रुरोला कॉर्न हिल नावाची टेकडी आहे. नोव्हेंबर १६२० मध्ये मेफ्लॉवरच्या मंडळींना इथे वाम्पानोआग लोकांनी जमिनीत साठवलेला मका सापडला. तो त्यांनी उचलला आणि पुढच्या वसंतात पेरला. "पेव फोडलं म्हणा की!" आत्या म्हणाल्या. लेकीला 'पेव' हा शब्द नवा, तो समजावण्यात पाच मैल गेले. ते वाम्पानोआग आजही ह्याच केपवर, मॅशपी गावी आहेत. जवळचं हायलँड दीपगृह कडा ढासळत चालला म्हणून १९९६ साली साडेचारशे फूट मागे सरकवलं, तेही पाहिलं.

शेवटी प्रॉव्हिन्सटाऊन. मेफ्लॉवरनं आधी नांगर टाकला तो इथे, प्लिमथला नंतर. त्याची आठवण म्हणून २५२ फुटी मनोरा आहे, १९१० साली पुरा झालेला. गुडघे शाबूत असतील तर चढा. आम्ही खाली धक्क्यावर बसलो. गावातले जुने कोळी अझोर्स बेटांवरून आलेले पोर्तुगीज, तेव्हा इथे त्यांच्या पद्धतीचा पाव आणि साखरेत घोळवलेले तळलेले 'मालासादा' मिळतात. पाव हा शब्द आपल्याकडेही त्यांचाच. आत्यांनी दोन मालासादा संपवले आणि मग समुद्राकडे पाहून म्हणाल्या, "बरा आहे. पण माड नाहीत."

जाणाऱ्यांनी शक्यतो लेबर डेनंतर जावं. पाणी तेव्हाही गार नसतं, आणि पुलावर दोन तास वाचतात. थालीपिठं मात्र जास्त घ्या.