माहेरघरातील सासुरवास

पुण्यास विद्येचे माहेरघर म्हणवून घेण्याची हौस दांडगी. परंतु परदेशातून येथे शिकावयास येणाऱ्याच्या वाट्यास प्रथम सासुरवासच येतो. दीर्घ मुदतीचा विद्यार्थी-व्हिसा असणाऱ्यास आगमनापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. तीस राहत्या जागेचा पुरावा हवा, आणि जागाच मिळत नाही! घरमालकास परदेशी भाडेकरूची माहिती कळवण्याची कटकट नको असते, सुदानच्या मुलास ‘खोली कालच गेली’ हे उत्तर लवकरच पाठ होते. तेथे गुलाबपुष्पाचे स्वागत काय कामाचे? घरमालकाशी मराठीत चार शब्द बोलणारा सोबती त्यास हवा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना वर्षाकाठी १२० तास सेवा करावयाची असतेच. वृक्षारोपणाच्या छायाचित्रांतून सवड काढून विद्यापीठाने हे कामही त्या तासांत धरावे, आणि तेही सत्रारंभापूर्वी.