नवा प्रोसेसर घेतलाय? आधी ओळख पटवा, ओव्हरक्लॉकिंगचं नंतर बघा

नवा डेस्कटॉप जोडून झाला की अनेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: प्रोसेसर ओव्हरक्लॉक कसा करायचा? त्याआधीचा प्रश्न मात्र जास्त महत्त्वाचा आहे. ज्या प्रोसेसरचे पैसे मोजले, तोच आत बसला आहे का?

शेवटचं अक्षर विसरू नका

नुसत्या 'आय५'वरून फारसं काही कळत नाही. 'कोअर आय५-१२४००एफ'मधले '१२' म्हणजे बारावी पिढी आणि 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. मॉनिटरवर चित्र दिसायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणारच. इंटेलच्या या मालिकेत वेग वाढवण्याची मोकळीक 'के' अक्षराच्या मॉडेलना असते आणि त्यासाठी मदरबोर्डही 'झेड' चिपसेटचा लागतो. एएमडीचे बहुतेक रायझन खुले असतात, पण 'ए५२०'सारख्या स्वस्त बोर्डवर ती सोय नसते.

पडताळणी कशी करायची?

'सीपीयू-झेड' हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. '१२४००एफ' असेल तर ६ कोर आणि १२ थ्रेड दिसायला हवेत. काम नसताना वेग कमी दिसला तर घाबरू नका, तेव्हा प्रोसेसर वीज वाचवत असतो. नाव किंवा कोरची संख्या जुळत नसेल, तर बिल आणि खोका घेऊन लगेच दुकान गाठा.

वेग वाढवावा का?

१९९८ मध्ये इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा 'सेलेरॉन ३००ए' अनेकांनी ४५० वर पळवला. थेट दीडपट वेग! आजचे प्रोसेसर गरजेनुसार स्वतःच वेग वाढवतात, त्यामुळे हाताने काढण्यासारखं फारसं उरत नाही.

किंमत मात्र मोजावी लागते. वीजवापर वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग ५ टक्के आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर वीज आणि उष्णता सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. विदर्भातल्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत हा सौदा परवडणारा नाही. शिवाय ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

जादा व्होल्टेज काय करतं, हे २०२४ मध्ये दिसलंच. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. दोष ग्राहकांचा नव्हता, पण झालेली झीज भरून येत नव्हती. कंपनीला मायक्रोकोड बदलावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. हे प्रोसेसर वापरणाऱ्यांनी बायोस अपडेट टाळू नये.

मग करायचं काय?

आधी बायोसमध्ये रॅमचं 'एक्सएमपी' सुरू आहे का ते पाहा. ते बंद असेल, तर ३२०० ची रॅमही बऱ्याचदा कमी वेगाने चालते. उरलेले पैसे चांगल्या कूलरवर किंवा एसएसडीवर घाला. हौस म्हणून ओव्हरक्लॉकिंग जरूर करावं, पण ज्या मशीनवर रोजचं काम आणि पोट अवलंबून आहे, त्यावर नाही.