पीळ जातो कुठे?

डीएनएचे चित्र तुम्ही पुस्तकात पाहिलेच असेल: पीळ दिलेली एक सरळ, उभी शिडी. मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस, तरी त्या चित्राविषयी माझी तक्रार आहे. ते चूक नाही, अपुरे आहे.

दोन पदरी सुतळीचा हातभर तुकडा घ्या. तो किंचित सैल ठेवून दोन्ही टोके फळीवर खिळ्यांनी पक्की करा. आता मध्यभागी पदरांत पेन्सिल घाला आणि ती फिरू न देता एका टोकाकडे सरकवा. पीळ नाहीसा होतो का? मुळीच नाही. तो पुढे ढकलला जातो, घट्ट होत जातो, आणि शेवटी सुतळी स्वतःभोवतीच वेटोळी घेते. पिळावर पडलेल्या या पिळालाच सुपरकॉइलिंग म्हणतात.

ई. कोलाय या जिवाणूचा डीएनए म्हणजे बंद कडे; मोकळे टोक नाहीच. त्यात सुमारे ४६ लाख बेस-जोड्या असतात आणि साधारण साडेदहा जोड्यांमागे एक वेढा पडतो. भागाकार तुम्हीच करा. चार लाखांवर वेढे! नक्कल तयार होताना दोन्ही पदर सुटे व्हायचे, तर हे सारे वेढे उलगडायला हवेत. नाहीतर आपल्या पेन्सिलीसारखे काम मध्येच अडायचे आणि पेशी मरायची.

यावरचा उपाय १९७६ साली मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. गायरेज नावाचे एन्झाइम डीएनएचे दोन्ही पदर कापते, त्या फटीतून डीएनएचाच दुसरा भाग पलीकडे नेते आणि काप पुन्हा सांधते. दर खेपेस दोन वेढे कमी! एवढेच नव्हे, ते डीएनएला मुळापेक्षा थोडा सैलच ठेवते. त्यामुळे पदर उघडणे सोपे जाते, आणि दीड मिलिमीटर लांबीचे ते कडे वेटोळी घेऊन दोन-तीन मायक्रॉनच्या पेशीत मावायलाही मदत होते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध गायरेजला नेमके कापलेल्या अवस्थेत अडकवते. सांधा राहून जातो, जिवाणू मरतो.

ताण, पीळ, ऊर्जा हे सारे आमच्याच तासाचे विषय. तरी ‘सर, हे बायोलॉजीचे आहे’ म्हणून मुले वही मिटतात, आणि तिकडे शिडी नीट काढली की पूर्ण गुण मिळतात. माझे म्हणाल तर प्रात्यक्षिक परीक्षेत शिडी काढायला लावूच नये. सुतळी, दोन खिळे आणि एक पेन्सिल द्यावी.