प्रार्थना आणि संमती
सोनिवली-बदलापूर परिसरातील कष्टकरी आईबाप पोटाला चिमटा घेऊन मुलांना कॅथलिक शाळेत घालतात, ते विद्येसाठी, उपासनेसाठी नव्हे. राज्यघटनेचे कलम ३० अल्पसंख्याकांना शाळा चालविण्याचा हक्क देते, तर कलम २८(३) पालकांच्या संमतीविना अज्ञान मुलास उपासनेस बसविण्याची सक्ती निषिद्ध ठरविते. एप्रिल २०२४ मध्ये कॅथलिक बिशप परिषदेनेच आपल्या शाळांना बजावले की, अन्यधर्मीयांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत व परिपाठात रोज घटनेचा सरनामा म्हणावा. हे स्वागतार्हच आहे. परंतु संमती म्हणजे प्रवेशअर्जावरील निमूट सही नव्हे. नकार देणाऱ्या मुलाला वर्गात सन्मानाने बसता आले पाहिजे. अन्य शाळांतील सरस्वतीपूजनालाही हीच कसोटी लावावी. एकाच धर्माच्या शाळांवर चालून जाणाऱ्या झुंडींना कलम २८ चा आधार घेता येणार नाही. कार्यकर्त्यांनी हा प्रश्न पालकसभेत मांडावा, रस्त्यावर नव्हे.