बोटांची कीर्द

बुलढाणें जिल्ह्यांतील मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या गळ्यांतून विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत तबकडीवर आली, आणि मराठी भावगीताचा ओघ तेथून सुरू झाला असें सामान्यतः मानलें जातें. त्या काळची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई, व एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. गायक व साथीदार एकाच वेळीं गात-वाजवीत आणि तो सारा ध्वनि मेणावर कोरला जाई. मध्येंच एखादा स्वर घसरला, तर तेवढाच पुसून नीट करण्याची सोय नव्हती. गाणें पुन्हा पहिल्यापासून म्हणावें लागे.

आज त्याच जिल्ह्यांतील एखाद्या घरीं नातवंडाच्या हातीं ‘वर्कस्टेशन’ जातीचा मोठा कीबोर्ड आला, तर त्याच्या पोटांतच ‘सीक्वेन्सर’ नांवाची मुद्रणाची सोय असते. तिच्यावर चार वाद्यांची साथ एकटा मुलगा तयार करतो, हें पाहून वडील मंडळींस कौतुक वाटतें. तें योग्यच आहे. परंतु हें यंत्र नेमकें काय टिपून ठेवतें आणि काय टिपीत नाहीं, हें घरांतील सर्वांनीं समजून घ्यावें, म्हणून या वेळीं हा विषय आम्हीं घेतला आहे.

सीक्वेन्सर ध्वनि टिपीत नाहीं. तो बोटांची कीर्द लिहितो. कोणती पट्टी दाबली, कोणत्या क्षणीं दाबली, किती जोरानें दाबली व केव्हां सोडली, एवढ्या रकमा तो क्रमानें मांडतो. जोराचेंही माप ठरलेलें असून तें १ पासून १२७ पर्यंत असतें. गाणें पुन्हा ऐकूं म्हटलें, कीं यंत्र ही कीर्द वाचतें व आपल्याजवळील स्वरांनीं तें सारें नव्यानें वाजवितें. निरनिराळ्या कारखान्यांच्या वाद्यांस एकमेकांची ही भाषा कळावी, म्हणून १९८३ सालीं ‘मिडी’ नांवाची पद्धति रूढ झाली. तिच्यासाठीं झटलेले जपानचे इकुतारो काकेहाशी व अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांस २०१३ सालीं तंत्रविषयक ग्रॅमी पारितोषिक मिळालें. १९८८ मध्यें निघालेल्या कॉर्ग कंपनीच्या ‘एम-१’ या कीबोर्डांत स्वर, ताल व आठ ट्रॅकांचा सीक्वेन्सर हीं एकत्र आलीं, आणि या जातीचें वाद्य जगभर लोकप्रिय झालें.

ट्रॅक म्हणजे काय, हें भजनाच्या बैठकीवरून चटकन् ध्यानांत येईल. मृदंग, पेटी, टाळ व एकतारी अशीं चार वाद्यें असलीं, तर कीर्दीचीं चार पानें करावयाचीं. मुलानें प्रथम ठेका वाजवावा. मग तो ऐकत दुसऱ्या पानावर पेटी, तिसऱ्यावर टाळ, असें एकेक वाद्य चढवावें. एखादें पान बिघडलें, तर तेवढेंच पुन्हा लिहितां येतें. जुन्या तबकडीचा वेग कमी केला, तर गाणाराचा आवाजही जड होई. येथें केवळ कीर्दच असल्यामुळें लय उतरविली तरी स्वर ढळत नाहीं, आणि काळी चारमध्यें वाजविलेली साथ आजीच्या गळ्यासाठीं काळी एकवर आणली तरी लय बिघडत नाहीं. घरांतील गाणाऱ्या स्त्रियांस ही सोय फार उपयोगाची आहे.

यंत्रावर सरसकट रोष धरणें आम्हांस पसंत नाहीं. पेटीच्या पट्ट्यांतून मींड निघत नाहीं, या व अशा आक्षेपांवरून १९४० सालीं नभोवाणीनें पेटी वर्ज्य केली होती; ती बंदी सैल होण्यास तीन दशकें लागलीं, व मधल्या काळांत घरोघरचीं भजनें कांहीं पेटीवांचून थांबलीं नाहींत. तथापि सीक्वेन्सरच्या एका सोयीविषयीं सावध असावें. तिचें नांव ‘क्वांटाइझ’. बोट मात्रेच्या किंचित् पुढें वा मागें पडलें असल्यास ही सोय प्रत्येक स्वर उचलून बरोबर मात्रेवर नेऊन ठेवते. शिकाऊ हाताची चूक त्यामुळें झांकली जाते; पण जाणत्या वादकानें मुद्दाम मागें ठेवलेला आघातही ती चूक समजूनच सरळ करते. शिवाय लय बदलावयास स्वतंत्र सांगितलें नाहीं, तर यंत्र प्रारंभीं दिलेल्या वेगानेंच शेवटपर्यंत चालतें. आपलें भजन तसें चालत नाहीं. तें संथ उठतें, आणि गजर येतांच टाळांसह चढत जातें. शेगांवीं माघ वद्य सप्तमीस, गजानन महाराजांच्या प्रकटदिनीं, ज्यांनीं भजनें ऐकलीं असतील त्यांस हें सांगावयास नको.

यासाठीं आमची सूचना अशी. घरांतील मंगळागौरीचीं गाणीं, पाळणे, आरतीची पिढीजात चाल यांची साथ तयार करावयाची असेल, तर प्रथम यंत्राची टकटक बंद करावी. आजीस तिच्या लयीनें गाऊं द्यावें, आणि मुलानें तिच्या मागोमाग साधी चाल पहिल्या पानावर लिहावी. ती मुळींच सरळ करूं नये. बाकीचीं वाद्यें त्या पानास धरून चढवावीं. वीज जाण्याचा भरंवसा नसल्यानें प्रत्येक पान पूर्ण होतांच तें कायमच्या सांठवणींत घालावें; कारण कित्येक वर्कस्टेशनांत वीज गेली, कीं सीक्वेन्सरमधील न सांठविलेलें गाणें समूळ पुसलें जातें.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. एवढें करूनही आजीचें गाणें त्या यंत्रांत आलेलें नसतें. तिचे शब्द, तिचा श्वास, कडव्याच्या शेवटीं खालीं उतरणारा तिचा आवाज यांना त्या कीर्दींत रकानाच नाहीं. हेमा राइरकर व गी पॉइटव्हाँ यांनीं जात्यावरच्या ओव्या खेड्यापाड्यांतून गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. त्यांतील ज्या ओव्यांचें ध्वनिमुद्रण झालें, त्या कोणत्या गळ्यांतून आल्या हें आजही ऐकतां येतें. आपल्या घरीं हेंच काम खिशांतील फोन करूं शकतो. कीबोर्डावर साथ लिहावी, आणि गाणारीचा आवाज त्याच दिवशीं निराळा मुद्रित करून दोहोंवर गाण्याचें नांव, गाणारीचें नांव व तारीख घालावी.

साथ उद्यांही करतां येईल, यंत्र आणखी दहा वर्षांनींही मिळेल. ज्या घरांत ऐंशीच्या घरांतील एखादी सासू वा आजी अजून पाळणा म्हणते, त्या घरानें मात्र तिचा आवाज टिपण्याचें काम पुढच्या सणावर ढकलूं नये.