अकस्मात आलेले धन आणि घरची माणसे

मावळात अलीकडे लक्ष्मी येते ती बहुधा जमिनीच्या वाटेने. २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग, तळेगावची औद्योगिक वसाहत, लोणावळ्याभोवती डोंगरउतारांवर चढत गेलेले मुंबईकरांचे बंगले आणि आता उर्शापासून निघणारा पुण्याचा वर्तुळाकार रस्ता, यांच्या योगे ज्या वरकस माळावर नाचणी-वरीपलीकडे काही पिकत नव्हते, त्याच माळाने सोसायटीचे पीककर्ज फेडता फेडता म्हाताऱ्या झालेल्या शेतकऱ्यास एकाएकी धनिक केले आहे. (सर्वांस नव्हे; पवना धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यापैकी कित्येकांचा पुनर्वसनाचा लढा अद्याप संपलेला नाही.) मात्र रक्कम खात्यावर जमा होताच कर्त्या पुरुषापुढे प्रश्न उभा राहतो, की हे घरात कोणाकोणास सांगावे?

व्यवहारचतुर मंडळींचा सल्ला मौनाचा असतो, आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पैशाची वार्ता फुटली की विस्मृतीत गेलेले सोयरे उगवतात, उसनवारीच्या याचना येतात, जत्रेच्या वर्गणीचा आकडा फुगतो, आणि निवडणुकीचे इच्छुक अकारण चहाला येऊन बसतात. या मंडळींस ताळेबंद दाखविण्याचे बंधन कोणावरही नाही. परंतु हा सल्ला लॉटरी लागलेल्या माणसास शोभतो. वडिलार्जित जमिनीची किंमत हाती आलेल्या माणसास तो लागू पडत नाही, कारण त्या पैशाचा तो एकटा धनी नसतो.

येथे बहिणींचा विषय निघतो, आणि तो निघू नये म्हणूनच पुष्कळदा हे मौन पाळले जाते. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीस वडिलार्जित मिळकतीत सहदायादाचा हक्क दिला, तो त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींस वगळून; केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने तो अपवाद उरला नाही; आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असून वडील त्या दुरुस्तीच्या दिवशी हयात असण्याची आवश्यकता नाही, असा निर्वाळा दिला. इतके होऊनही वडगावच्या कचेरीत सासुरवाशिणीस बोलावून, भाव किती ठरला याचा उच्चारही न करता, साडीचोळीच्या मोबदल्यात हक्कसोडपत्रावर तिची सही घेण्याचा प्रघात ज्यास ठाऊक नाही असा मावळकर विरळा. स्वेच्छेने हक्क सोडणारी बहीण थोर खरी. पण ज्या हक्काची किंमतच तिला कळू दिली नाही, तो तिने स्वेच्छेने सोडला असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

शिवाय ही लपवाछपवी टिकतही नाही. खरेदीखत नोंदविले की फेरफाराची नोंद होते, तलाठी चावडीवर नोटीस लावतो, हितसंबंधितांस हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत मिळते, आणि सातबारा तर आता परगावी बसलेल्या भाच्यासही मोबाइलवर दिसतो. भूसंपादनाच्या मोबदल्यात हिश्श्याचा वाद निघाला तर रक्कम प्राधिकरणाकडे अनामत पडून राहते, वकिलांची ये-जा सुरू होते, आणि जे चार शब्दांत ओसरीवर मिटले असते ते तारखांवर तारखा घेत वर्षानुवर्षे चालते. दरम्यान ज्या पत्नीस व्यवहाराचा आकडा कधी सांगितलाच नाही, तिला नवऱ्याच्या पश्चात खाती कोणत्या बँकेत आहेत हेदेखील शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारावे लागते. हा अन्याय तर कोणत्याही कचेरीत नोंदलाच जात नाही.

तेव्हा ज्यांच्या जमिनीचे व्यवहार सध्या चालू आहेत, त्यांनी गावाला काही सांगू नये, खुशाल सांगू नये. पण इसाराची रक्कम घेण्यापूर्वी आई, पत्नी आणि बहिणी यांना एकत्र बसवून सातबारा, आठ-अ आणि ठरलेला भाव त्यांच्यापुढे ठेवावा, आणि हक्कसोडीचा विषय काढायचाच असेल तर तो त्यानंतर काढावा.